कुंकू लावलेले कॉम्प्युटर

आमच्या खोलीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरच्या कपाळाला कुंकू असतं. कुणी स्वस्तिक काढलेलं, कुणी नुसती बोटं ओढलेली, कुणाच्या मॉनिटरच्या मागच्या जाळीत वाळलेला झेंडू अडकलेला. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते, तशी याचीही होत आलेली असते, आणि खरी अडचण तिथेच आहे. वर्षानुवर्षं पुजलेली वस्तू कचऱ्याच्या गाडीत टाकायला कुणाचा हात धजावत नाही. घरात ठेवायला जागा नाही, टाकायला मन नाही. मग शेजारचं कुणीतरी सांगतं, "धरमपेठेत वाचनालयाच्या मागं एक माणूस बसते, तो घेते सगळं." तो माणूस मी.

सीताबर्डीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद केल्यावर घरी बसून राहणं मला जमेना आणि मी घरी बसलेला माझ्या बायकोला, प्रतिभाला, सोसेना. वाचनालयवाल्यांनी मागची एक खोली दिली. तिथे लोकांनी दिलेली जुनी मशिनं उघडायची, जगतात का बघायचं आणि जगली तर त्यांना कुठल्यातरी कामाला लावायचं, एवढाच माझा उद्योग. प्रतिभा म्हणते, "लोक म्हातारपणी वृद्धाश्रमात जातात, यांनी स्वतःच काढला."

काम बाहेरून वाटतं तेवढं गूढ नाही. आधी डबा उघडून वास घ्यायचा. जळकट वास आला तर वीज पुरवणारा भाग गेला. बोर्डावरच्या घड्याळाची बॅटरी फुटून हिरवट क्षार पसरला असेल तर आशा कमी. आणि काहीच दिसत नसेल तर मेमरीची पट्टी काढायची, तिची सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची. कितीतरी मशिनं तेवढ्यानंच उठून बसतात. माणूस मग हात जोडतो. मी आपला गंभीर चेहरा करून राहतो, खोडरबराचं सांगत नाही.

जी उठतच नाहीत ती जरीपटका भागातल्या लच्छूभाईंकडे जातात. लच्छूभाईंचा भंगाराचा व्यापार. त्यांना माझी सगळी खोलीच उचलून न्यायची असते. "मोहनभाऊ, काहून जीव लावून राहिले या डब्यांना? तोडू द्या ना यार!" असं ते दर भेटीत म्हणतात. पण तोडायच्या आधी हा माणूस ओल्या फडक्यानं मशिनवरचं कुंकू पुसतो, हात लावून कपाळाला नेतो आणि मगच हातोडा उचलतो. मला लागणारा एखादा सुटा भाग सापडला तर आठवणीनं बाजूला ठेवतो. माझ्या धंद्यातला सगळ्यात जवळचा माणूस विचाराल तर हाच, जरी आमचं दोघांचं काम एकमेकांच्या अगदी उलट आहे.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एक गुरुजी आले. नातवानं त्यांना नवाकोरा लॅपटॉप घेऊन दिला होता, आणि त्यावर केलेली पत्रिका त्यांना पटत नव्हती. "ग्रह तेच, वेळ तीच, पण या पत्रिकेले चव नाही गा," म्हणाले. त्यांचा जुना प्रोग्राम काळ्या पडद्यावर चालणारा होता. तो चालेल असं जुनं मशीन मी त्यांना लावून दिलं, तेव्हापासून त्यांच्या जजमानांचे ग्रह ठिकाणावर आहेत. दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. स्वतःचा कॉम्प्युटर देऊन गेले आणि पुढच्या रविवारी त्याला बघायला आले. तो मी टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलींसाठी लावला होता. सर मागे उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि हळूच मला विचारलं, "बरा आहे ना?" ते अजून येतात. मुलींना वाटतं, परीक्षकच आहेत.

पण मला सांगायचंय ते सुमनमावशींबद्दल.

सुमनमावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या. त्या काळी लाइनवर वारा-पाऊस ऐकू यायचा आणि त्यातून पलीकडच्या माणसापर्यंत पोचायचं तर गळा हवा. मावशींचा गळा असा, की गल्लीच्या टोकाला गेलेल्या भाजीवाल्याला त्या खिडकीतून परत बोलवत. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, कारण आमच्या आईची आणि त्यांची मैत्री. मी खांबावर चढलो तर तिकडून आधी त्यांची हाक यायची, मग आईची.

त्याच मावशींना कंपवात झाला. हात थरथरायला लागले हे सगळ्यांना दिसलं. पण त्या आजारात आवाजही बारीक होत जातो आणि अक्षरही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं अक्षर ओळीगणिक लहान होत शेवटी मुंगीएवढं व्हायचं. आवाज तर शेजारी बसून कान दिला तरच कळायचा. आणि चेहऱ्यावरचे स्नायू आखडतात म्हणून भाव उमटत नाहीत. त्यामुळे समोरच्याला वाटतं, यांना सगळं मान्य आहे. डोकं मात्र पहिल्यासारखंच लख्ख.

यजमान गेल्यापासून मावशींजवळ त्यांची पुतणी शोभा राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं, जवळच्या शाळेत शिकवायची. मुलगा रवी पुण्यात. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. त्यानं आईसाठी महागाचा टॅब्लेट पाठवला होता. पण थरथरतं बोट काचेवर टेकलं की एका 'क'चे दहा 'क' व्हायचे, आणि बोलून लिहायची जी सोय होती तिच्यापर्यंत मावशींचा आवाजच पोचायचा नाही. टॅब्लेटवर मग शोभा भजनं लावून द्यायची. मावशींना भजनं कधीच आवडली नव्हती, हे मला माहीत होतं.

एकदा शोभा यजमानांचा जुना कॉम्प्युटर द्यायला ऑटोनं आली. मावशीही सोबत होत्या. मी आणि शोभा डबा उतरवत होतो, आणि मावशींना मी टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. टेबलावर एका चालू मशिनला जोडलेला जुना कीबोर्ड होता. वजनानं पोळपाटासारखा, प्रत्येक किल्लीखाली खरी स्प्रिंग असलेला. 'टक्क' असा आवाज आला. मी वळून बघितलं तर मावशींचा हात किल्ल्यांवर होता, आणि पडद्यावर एकच अक्षर होतं. त्यांनी दुसरी किल्ली दाबली. टक्क. पुन्हा एकच अक्षर.

हात तर थरथरतच होता, पण त्या किल्ल्या नुसत्या थरथरीला दाद देत नव्हत्या. मनापासून जोर दिला तरच खाली जायच्या. आजचे कीबोर्ड फुंकर मारली तरी अक्षर काढतात आणि त्यालाच आपण सुधारणा म्हणतो. मावशींनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण डोळ्यांत पाणी होतं. मग माझ्याही आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे!

मी कामाला लागलो. जुन्या मशिनवर टाइपरायटरच्या पद्धतीनं मराठी लिहायचा प्रोग्राम चढवला. मावशींनी नोकरीआधी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि बोटं असल्या गोष्टी विसरत नाहीत. किल्ली जास्त वेळ दाबली गेली तरी अक्षर पुन्हा उमटू नये अशी सोय केली. शिवाय कीबोर्डवर बसेल अशी एक प्लायवूडची पट्टी कापली आणि प्रत्येक किल्लीच्या वर येईल असं तिला एकेक भोक पाडलं. हात पट्टीवर टेकवायचा आणि बोट भोकातून खाली घालायचं, म्हणजे शेजारची किल्ली दाबली जात नाही. लच्छूभाईंनी कुठल्यातरी बँकेच्या भंगारातून एक प्रिंटर काढून दिला, सुयांनी ठोकून छापणारा, बाजूला भोकं असलेला लांबलचक कागद लागतो तो. त्याची फीत वाळली होती. तिला शिलाई मशिनचं तेल पाजलं आणि ती पुन्हा काळं लिहायला लागली.

मशीन घरी बसवून दिलं, त्या दिवशी मावशींनी पहिलं वाक्य लिहिलं, "शोभे, भजन बंद कर वं." शोभा हसत हसत रडली.

त्यानंतर मी आठवड्यातून एकदा तरी जायचो. मशीन बघायचं हे निमित्त. मावशी हळूहळू लिहायच्या. एका ओळीला चहा निवायचा, पण ओळ पूर्ण त्यांची असायची. त्यांना तर्री-पोह्यांच्या दुकानातली तर्री पातळ झाली आहे असं वाटायचं, शेजारच्यांची सून आवडायची, आणि माझी मिशी आवडायची नाही. इतके दिवस हे सगळं आत साठून होतं, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून एकमेकांशीच बोलत होतो.

दसरा जवळ आला तेव्हा रवीनं ठरवलं, की आईला पुण्याला न्यायचं आणि नागपूरचं घर विकायचं. घर मावशींच्याच नावावर. एक गृहस्थ घर घ्यायला तयार होते आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर बोलणी पक्की करायला येणार होते. शोभाचा जीव उडाला. "काकू इथं जन्मली, इथं वाढली, ती नागपूर सोडून जगन का हो भाऊ?" ती मला म्हणाली. मलाही ते पटलं. फोनवर रवी म्हणायचा, आई पुण्यातच सुखात राहील; इकडे आम्ही म्हणायचो, मावशी इथंच सुखात आहेत. मावशींनी मला लिहून दाखवलं, "रवीसमोर मले बोलाचं हाये. तोवर मशीन बंद पडू देऊ नको." काय बोलायचंय, असं मी विचारलं. त्यांनी लिहिलं, "त्यालेच सांगीन."

आणि मशीन बंद पडलं ते नेमकं खंडेनवमीला.

शोभाचा फोन आला. "भाऊ, मी पूजा केली आणि आता एक अक्षर उमटून नाही राहिलं!" ज्या मशिननं काकूला वाचा दिली, त्याची पूजा तिनं साग्रसंगीत केली होती. हळद-कुंकू, झेंडूचा हार, फुलानं पाणी शिंपडणं आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता. मी पट्टीला जी भोकं पाडली होती, ती अक्षता आत जायला अगदी सोयीची होती. एकेका भोकातून देवाला वाहिलेले तांदूळ थेट स्प्रिंगपर्यंत पोचले होते.

माझी पंचाईत वेगळीच. माझीही हत्यारं देवघरासमोर पाटावर मांडलेली, स्क्रूड्रायव्हरपासून डाग द्यायच्या कावियापर्यंत, सगळ्यांना गंध-फूल. खंडेनवमीला हत्यार पुजलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्या दिवशी त्यांच्या हातातलं स्वतःचं घड्याळ बंद पडलं तरी ते तसंच बांधून फिरायचे. मी दुकान चालवलं तेव्हाही हा नेम कधी मोडला नव्हता.

मी पाटासमोर उभा राहिलो. प्रतिभानं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "उद्या करता येणार नाही का?" मी म्हटलं, "उद्या सकाळीच ते गृहस्थ येऊन राहिले."

तिनं क्षणभर देवाकडे बघितलं. मग स्वतःच वाकून पाटावरून एकेक हत्यार उचललं, पदरानं गंध पुसलं आणि पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. "जा तुम्ही. देवाचं मी पाहून घेते." बायको माझ्या म्हाताऱ्या डब्यांना नावं ठेवते, पण तिच्याशिवाय माझं एक मशीन उठलं नसतं, हे या निमित्तानं लिहून टाकतो.

मी पोचलो तेव्हा रवी आला होता. आईच्या पायाशी बसून तिचे तळवे दाबत होता. "आई, पुण्यात बाल्कनी आहे, समोर बाग आहे. तुला आवडेल ना? आवडेलच." मावशींचे ओठ हलले. तो पुढचं सांगू लागला होता. "बाई ठेवू पूर्ण वेळ. चालेल ना? चालेल." मी कीबोर्ड उलटा करून झटकला तेव्हा तांदूळ पडले. रवी हसला. "मोहनभाऊ, कशाला एवढा खटाटोप? मी तिला तिकडे नवीन घेऊन देतो ना."

"घे," मी म्हणालो. "पण आज हा चालू करू दे."

प्रत्येक किल्ली उपटून काढली. चिमट्यानं तांदूळ वेचले, कुंकवाचा लगदा स्पिरिटनं धुतला, सगळं पंख्यासमोर वर्तमानपत्रावर वाळत घातलं. एक स्प्रिंग हरवली. तिच्या जागी वरच्या ओळीतल्या, कधीच न लागणाऱ्या किल्लीची बसवली. शोभा अपराधी चेहऱ्यानं दिवा धरून उभी होती. मावशी एकटक माझ्या हाताकडे बघत होत्या. माझ्या आयुष्यात मी बँकांची मशिनं दुरुस्त केली, इस्पितळांची केली, पण एवढ्या धास्तीनं स्क्रू कधी आवळला नव्हता. दिवेलागणीला पहिली किल्ली दाबली. अक्षर उमटलं आणि मी शोभाला चहा टाकायला सांगितलं.

दसऱ्याला सकाळी मी आपट्याची पानं घेऊन गेलो. मावशींच्या हातात सोनं दिलं, पाया पडलो. घर घेणारे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आधीच आले होते. मावशी मशिनसमोर बसून लिहीत होत्या. रवी त्या गृहस्थांना खोल्या दाखवत होता, शोभा मध्येमध्ये "काकूले नागपूर सोडवणार नाही, दादा," म्हणत होती, आणि रवी "अगं, तिचं वय बघ ना," म्हणत होता. मीही शोभाच्या बाजूनं दोन शब्द टाकले. टक्क, टक्क चालूच होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग प्रिंटर सुरू झाला.

ज्यांनी हा प्रिंटर ऐकलेला नाही त्यांना काय सांगू! पत्र्याच्या छपरावर कुणी फरशी ओढत नेतंय असा आवाज. घर घेणारे गृहस्थ दचकून दारातच थांबले. कुणाला कुणाचं ऐकू येईना, तेव्हा सगळे आपोआप गप्प झाले. लांबलचक कागद ओळ ओळ करत वर येऊ लागला. थांबल्यावर रवीनं तो फाडला आणि उभ्यानंच मोठ्यानं वाचू लागला.

"रवी, मले कोणी विचारलंच नाही. तुम्ही भांडून राहिले आणि मी ऐकून राहिली.

शोभी म्हणते मले नागपूर सोडवत नाही. मले इथला उन्हाळा सोसत नाही. कूलरात पाणी भरू भरू शोभीची कंबर गेली. उन्हाळ्यात मी पुण्याले येईन. पावसाळा संपला का वापस. दसरा इथंच करीन.

घर विकाचं नाही. मी नसली तवा बी शोभी इथं राहीन.

मशीन माह्यासोबत येईन. प्रिंटर बी.

पाहुण्याले चहा द्या."

शोभा आणि मी इतके दिवस मावशींच्या वतीनं भांडत होतो, आणि उन्हाळ्याची गोष्ट आमच्या डोक्यातही आली नव्हती. ऊन सोसत नाही असं म्हणायची नागपूरकराला सवयच नसते. आपण ते मिरवतो, पाहुण्यांना घाबरवतो, आणि आपल्याच घरात कुणीतरी दरवर्षी खिडकीशी बसून पावसाची वाट बघत असतं. मला हसू आलं, आणि जरा लाजही वाटली. ते गृहस्थ मात्र समंजस निघाले. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाले, "आजी, दसऱ्याचे म्हणून घ्या," आणि चहासाठी बसले.

रवी कागद हातात घेऊन उभा होता. "पण आई," तो म्हणाला, "दोन-दोन घरं सांभाळायची म्हणजे... प्रॅक्टिकली बघ ना, तू वर्षातून दोनदा प्रवास..."

मावशींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. थरथरता हात पट्टीवर टेकवला, बोट भोकात घातलं आणि छपाईची किल्ली पुन्हा दाबली. प्रिंटर दुप्पट जोरात ओरडतोय असं मला वाटलं. रवीचे शब्द त्यात बुडाले. तोच मजकूर पुन्हा पहिल्या ओळीपासून वर येऊ लागला.

रवी बोलायचा थांबला. त्यानं स्टूल ओढलं, आईच्या शेजारी बसला, आणि ती पूर्ण बोलून होईपर्यंत थांबला.